फुकटात मिळालेलं प्यादं

मनू, स्कोअरशीटचा फोटो मिळाला. पट मांडून डाव पहिल्यापासून खेळून पाहिला. तेरा चालींत मात! खाली तू लाल पेनाने लिहिलं आहेस, ‘इटालियन बंद. उद्यापासून सिसिलियन.’ हरलीस त्याचं मला काही वाटलं नाही. बुद्धिबळाच्या क्लबात सुरुवातीला सगळेच तेरा-पंधरा चालींत हरतात, पुढे चाळिसाव्या चालीला हरायला लागतात आणि त्यालाच प्रगती म्हणतात. पण ती लाल ओळ वाचली आणि म्हटलं, हिच्याशी जरा बसून बोलायला हवं.

तर आधी डाव. तुझी पांढरी मोहरी. ई४, ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. इथवर शेकडो वर्षं लोक खेळत आले तसंच. चौथ्या चालीला तुझा घोडा जी५ वर उडाला, कारण तू तो व्हिडिओ पाहिला होतास. कोणता ते सांगू नकोस, तुझ्या लेकीच्या क्लासमधल्या प्रत्येक पोराने तो पाहिलेला असतो. काळ्याने डी५, तू प्याद्याने मारायचं, त्याने घोड्याने परत मारायचं, की तुझा घोडा थेट एफ७ वर! राजाने घोडा खाल्ला की वजीर एफ३ ला शह, आणि काळा राजा भर पटात ई६ वर उघडा. फ्राइड लिव्हर म्हणतात या हल्ल्याला. दिसायला झकास आहे, खेळायलाही मजा येते. अट एवढीच की पाचव्या चालीला काळ्याने घोड्याने प्यादं मारायला हवं.

तुझ्यासमोर बसलेल्या क्लबातल्या काकांनी मारलं नाही. त्यांनी सी६ चा घोडा ए५ वर नेला आणि तुझ्या उंटावर रोखला. तुझा व्हिडिओ तिथे संपला, आणि तुझा डाव खरं तर तिथून सुरू झाला.

पुढचं बघ. उंट बी५ शह, त्यांनी सी६ ने अडवलं. तू प्याद्याने मारलंस, त्यांनी बी-प्याद्याने परत मारलं. उंट ई२, एच६. घोडा एफ३, ई४. घोडा ई५, उंट सी५. मग तुझी अकरावी चाल, घोडा जी४. घोड्याने घोडा मारला, तू उंटाने परत मारलास, आणि काकांचा वजीर एच४ वर येऊन बसला. तुझा उंट त्यांच्या उंटासमोर होता, तो तू सी८ ला मारलास. उंटाला उंट, हिशेब चुकता. त्यांनी वजिराने एफ२ चं प्यादं उचललं. राजा वजिराला मारू शकत नाही, मागे सी५ चा उंट आहे. ई२ नाही, एफ१ नाही, बाकी घरं तुझ्याच माणसांनी अडवलेली. संपलं.

आता ही स्थिती पटावर मांड आणि एक काम कर. या तेरा चालींत तुझं कोण कोण हललं ते बघ. पाच चाली एका घोड्याच्या, पाच चाली एका उंटाच्या आणि तीन चाली एका प्याद्याच्या. झाल्या तेरा. त्यातलं प्यादं सी६ वर गेलं, घोडा जी४ वर गेला. उरलेलं सगळं सैन्य, वजीर, दोन्ही हत्ती, दुसरा घोडा, दुसरा उंट आणि सहा प्यादी, डाव मांडताना जिथे ठेवलं होतंस तिथेच उभं आहे. राजासकट! मी तर बघतच राहिले. लेकीच्या वहीत काढून ठेवावी अशी आकृती आहे ती. ‘मोहरी बाहेर काढा’ असं क्लासमध्ये ओरडून सांगतात ना, ते कशासाठी हे या एका आकृतीत दिसतं.

पण ‘मोहरी बाहेर काढली नाहीत’ म्हणून तुला दोष देऊन मी मोकळी होणार नाही, कारण तसं का झालं यातच सगळी गंमत आहे. तू आळस केला नाहीस. तुला सवडच मिळाली नाही. त्यांच्या प्याद्याने सी६ ला मारलं, तुझा उंट पळाला. एच६ आलं, घोडा पळाला. ई४ आलं, तोच घोडा पुन्हा पळाला. दर चालीला ते काहीतरी पुढे ढकलत होते आणि दर चालीला तू काहीतरी वाचवत होतीस. हे त्यांनी विकत घेतलं होतं, मनू. किंमत होती एक प्यादं. सातव्या चालीपासून तू एका प्याद्याने वर होतीस आणि मनातून खूश होतीस, हो की नाही? ते प्यादं म्हणजे वाण्याकडची उधारी होती गं. माल आज घरात आला, पैसे अजून द्यायचे होते. या ओपनिंगमध्ये ते फेडायचे म्हणजे पुढच्या आठ-दहा चाली मान खाली घालून, निमूटपणे बचाव करायचा. ज्याला हे माहीत आहे तो प्यादं घेऊन पुढे सुखाने जिंकतो. ज्याला माहीत नाही त्याला फुकट मिळाल्यासारखं वाटतं.

आणि हे काही तुझ्या-माझ्यापुरतं नाही. याच ओपनिंगमध्ये याच प्याद्यापायी स्टाइनिट्झ हरला आहे, तेही जगज्जेता असताना! १८९०-९१ साली तो आणि रशियाचा चिगोरिन तारेने डाव खेळले, चाली केबलवरून कळवायच्या. चिगोरिनने एच६ खेळल्यावर स्टाइनिट्झने घोडा एफ३ ऐवजी एच३ ला नेला. कडेला, ओबडधोबड जागी, पण तिथे ई४ ची टोचणी लागत नाही. कल्पना हट्टी माणसाची होती. चिगोरिनने तो डाव जिंकला, त्याच सामन्यातला दुसराही जिंकला. लोकांनी ती चाल मोडीत काढली. मग १९६३ मध्ये बॉबी फिशर तीच एच३ ची चाल खेळला, बिसगायरविरुद्ध, आणि जिंकला. जर्मनीचा टाराश तर चौथ्या चालीलाच घोडा जी५ वर नेणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळा झाला होता. तरी ग्रँडमास्टर आजही ती खेळतात. काकांची ए५ ची चालही काही त्यांच्या डोक्यातली नाही, पोलेरिओ नावाच्या इटालियन खेळाडूच्या नावाने ती ओळखली जाते आणि तो सोळाव्या शतकातला माणूस. तेव्हा तू कुठल्या आडवाटेला मेली नाहीस. चांगल्या हमरस्त्यावर मेलीस.

म्हणून म्हणते, ओपनिंग बदलू नकोस. सिसिलियनचं काय होईल सांगू? तू त्यातल्या नायडॉर्फच्या चौदा चाली पाठ करशील, क्लबातला कुणीतरी दुसऱ्याच चालीला सी३ किंवा एफ४ खेळेल, आणि तू पुन्हा तिथेच येशील, व्हिडिओ संपलेल्या जागी. फक्त या वेळी तिसऱ्याच चालीला.

खरं दुखणं दुसरीकडेच आहे आणि ते मला फोटोत दिसलं नाही, तुझ्या बोलण्यात सापडलं. तू फोनवर सहज म्हणालीस, ‘डाव संपला तेव्हा माझ्या घड्याळात बासष्ट मिनिटं होती.’ डाव साठ मिनिटांचा, चालीमागे तीस सेकंद वाढून मिळणारा. म्हणजे बसलीस तेव्हा होती त्याहून जास्त वेळ शिल्लक ठेवून तू मात खाल्लीस! पाठ असलेल्या चाली भराभर खेळलीस ते ठीकच आहे. पण पाठांतर पाचव्या चालीला संपलं आणि हात त्याच वेगाने चालत राहिला. काकांनी ए५ ला घोडा ठेवला त्या क्षणी तुझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, की ही चाल मला माहीत नाही. तिथे दहा मिनिटं गेली असती तरी चाललं असतं. एका तासाच्या डावात दहा मिनिटं ही चैन नाही, ती त्यासाठीच असतात.

यावर एक बारीकसा उपाय सांगते, फार कुणी सांगत नाही. स्कोअरशीटवर चालीच्या शेजारी घड्याळातली वेळ लिहीत जा. नियमाने चालतं. चाल खेळण्याआधी लिहिणं मात्र चालत नाही. जुनी मंडळी आधी लिहायची, मग त्याकडे बघत विचार करायची, आता ते बंद झालं आहे. आधी खेळायचं, मग लिहायचं. पण वेळ लिहायला कुणी हरकत घेणार नाही. दोन-चार डाव असे झाले की तुझा कागदच तुला सांगेल, इथे तू विचार केलास आणि इथे नुसता हात चालवलास. इंजिन हे सांगत नाही. इंजिन अकराव्या चालीपुढे लाल प्रश्नचिन्हं काढेल आणि गप्प बसेल.

आता त्या अकराव्या चालीकडे ये. काकांचा उंट नुकताच सी५ वर आलेला. तू मला म्हणालीस, ई५ चा घोडा एकटा पडला होता, काळा वजीर डी४ वर येऊन त्याला पकडेल असं वाटलं, म्हणून मागे घेतला. शाबास! वजीर डी४ वर येणार हे तुला दिसलं, म्हणजे नजर आहे. फक्त तू घोड्याचा विचार केलास आणि एफ२ चा केला नाहीस. कॅसलिंग न झालेल्या राजाच्या शेजारचं ते प्यादं, त्याला एकट्या राजाचा आधार. सी५ चा उंट त्याच्याकडे टक लावून बसला होता, डी४ वर आलेल्या वजिरानेही तिथेच बघितलं असतं. ११. सी३ खेळली असतीस तर डी४ चं घरच वजिराला बंद. एक छोटं प्यादं, एक घर पुढे. घोडा जागेवर राहिला असता, पुढे डी४ची तयारीही झाली असती.

जी४ ला घोडा आल्यावर मारामारी होणार, आणि त्यात त्यांचा एफ६ चा घोडा पटावरून गेला की वजिराला डी८ ते एच४ असा मोकळा रस्ता. तोपर्यंत त्यांचाच घोडा त्यांची वाट अडवून बसला होता! तू तो हटवून दिलास. वजीर एच४ ला पोचल्यावर तुझा उंट तसा वाचत नव्हता. तेराव्या चालीला कॅसलिंग केलं असतंस तर उंट गेला असता, एवढंच. पण डाव चालू राहिला असता, आणि समोर क्लबातलेच काका होते, काही चिगोरिन नव्हते. उंट कमी असताना वाचवलेले डाव क्लबात दर रविवारी दिसतात.

अनोळखी चाल आली की मी काय करते ते सांगू? दोन्ही हात मांडीखाली. खरंच. हाताने मोहऱ्याला स्पर्श केला की ते खेळावंच लागतं, तेव्हा हातच दूर ठेवायचा. मग स्वतःला विचारायचं, हा माणूस इथे का आला? आणि याला अजून एक चाल फुकट दिली तर तो काय करेल? इतकंच. तिसरा प्रश्न मी विचारत नाही, तिसऱ्या प्रश्नापर्यंत गेलं की माझा गोंधळ होतो.

पुढच्या रविवारी पांढरी मोहरी आली तर काय खेळायचं? दोन वाटा आहेत. घोडा जी५ आवडत असेल तर खेळ, पण काकांची ए५ ची चाल समोर मांडून एक संध्याकाळ बस. चाली पाठ करायला नको, एवढंच ठरव की तो प्यादी ढकलत येईल तेव्हा माझी मोहरी कोणत्या क्रमाने बाहेर पडतील. मला विचारशील तर मी चौथ्या चालीला डी३ खेळेन. शांतपणे ई४ ला आधार, मग सी३, कॅसलिंग, हत्ती ई१. डावीकडचा घोडा बी१ वरून डी२, तिथून एफ१, तिथून जी३, असा आपला वळसा घेत राजाच्या बाजूला येतो. कंटाळवाणं वाटतं ना? पण गेल्या दहा वर्षांत जगातले पहिल्या रांगेतले खेळाडू पुन्हा हाच इटालियन खेळायला लागले आहेत. स्पॅनिश खेळावं तर समोरून बर्लिन बचाव येतो, आणि २००० साली लंडनमध्ये क्रामनिकने कास्पारोव्हला त्या बर्लिनने जेरीला आणल्यापासून ती भिंत कुणाला धड फुटत नाही. त्यांचं कारण त्यांच्यापाशी. तुझं कारण साधं आहे: या डावात दहाव्या चालीला तुझा राजा सुरक्षित असेल आणि प्रत्येक मोहऱ्याने काहीतरी केलेलं असेल. तिथून तुला विचार करायला आवडतो, हे मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. पत्त्यातसुद्धा तू शेवटची पानं मोजत बसायचीस.

आता थोडं डावाबाहेरचं. मात झाल्यावर काका म्हणाले, ‘वहिनी, छान खेळलात हं,’ आणि तुझा पारा चढला. मला कळतं. तेरा चालींत हरलेल्याला ‘छान खेळलात’ म्हणणं म्हणजे पोराच्या पाठीवर थाप मारणं. शिवाय हॉलमध्ये तू एकटी बाई, बाकी निवृत्त मंडळी आणि शाळकरी पोरं. त्यावर दोन गोष्टी सांगते. पहिली, १९७६ मध्ये रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. शाळकरी वयाची पोर, पण प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बायकांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. त्याआधी १९७४ ला पहिली महिला राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती तिची बहीण वासंतीने जिंकलेली. ‘नवाकाळ’वाल्या खाडिलकरांच्या मुली या, मुंबईच्या. आणि २०२५ मध्ये आपली नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून आली, ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म हातात नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. तेव्हा त्या हॉलमधल्या खुर्चीवरचा तुझा हक्क कुणी उपकार म्हणून दिलेला नाही.

दुसरी गोष्ट, काकांवर रागावू नकोस. पुढच्या रविवारी त्यांनाच गाठ आणि म्हण, ‘काका, परवाचा डाव बघूया का?’ क्लबातल्या जुन्या माणसाला याहून मोठा मान देता येत नाही. ते तासभर बसतील. ए५ चा घोडा किती वर्षं खेळतात, आपण कुणाकडून कसे हरलो, सगळं सांगतील. त्यात अर्धं आत्मचरित्र असेल, ते ऐकून घे. उरलेल्या अर्ध्यात असं काही मिळेल जे तुला कुठल्याही व्हिडिओत मिळणार नाही: या क्लबात कोण काय खेळतं.

आणि घरचं. रविवारी सकाळी तू तीन तास नसतेस म्हणून जीव खालीवर होतो म्हणालीस. नाश्त्याचं कोण बघेल, फोन आला तर. फोनचं सोपं आहे. स्पर्धेत फोन बंद ठेवावाच लागतो, चालू सापडला तर डाव जाऊ शकतो. घरी हे ठणकावून सांग. ‘नियमच आहे’ म्हटल्यावर कुणी वाद घालत नाही, मी अनुभवाने सांगते. नाश्त्याचं काय करायचं ते घरातल्या दोन मोठ्या माणसांनी मिळून ठरवावं, त्यातला एक माणूस तीन तास घरीच असतो. लेक क्लासला आणि आई डावाला, हे चित्र मला तरी फार आवडतं. तिने तुला मात खाताना बघितलं म्हणून लाजू नकोस. ती रोज खाते.

रेटिंगचा विचार एवढ्यात करू नकोस. फिडेचं रेटिंग मुळात १४०० पासूनच सुरू होतं आता, ते मिळेल तेव्हा मिळेल. वर्षभर एकच ओपनिंग, दर डावाचा कागद जपून ठेवायचा, एवढं पाळ.

आणि हो, काळी मोहरी आली की काय, हे तू विचारलंसच नाहीस. इटालियन आला आणि समोरच्याने चौथ्या चालीला घोडा जी५ वर उडवला, तर डी५ खेळ, त्याला प्याद्याने मारू दे, आणि घोडा ए५ वर ठेव. पुढचं तुला आता तोंडपाठ आहे. समोरच्या पोराने बहुतेक तोच व्हिडिओ पाहिलेला असेल.